निवडलेला प्रश्न

आमच्या मास्तरांनी आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, आणि शिकवलं ते माझ्या स्वयंपाकघराच्या जिवावर. दर वर्षी नवा वर्ग सुरू झाला की पहिल्या दिवशी हे माझ्या डब्यातले न निवडलेले तांदूळ पिशवीत भरून घेऊन जायचे. टेबलावर ताट ठेवायचे, त्यात तांदूळ ओतायचे आणि मुलांना म्हणायचे, निवडा. मुलं बिचारी मोठमोठे सिद्धांत ऐकायला आलेली, ती घंटा होईपर्यंत खडे आणि तूस काढत बसायची. शेवटी हे ताट उचलून म्हणायचे, "आज आपण विचार करायला सुरुवात केली." ते तांदूळ घरी परत यायचे खडूच्या भुकटीसकट, आणि मी ते पुन्हा निवडायचे.

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं खडेमास्तर. मी त्यातले खडे काढून नुसतं मास्तर ठेवलं. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला काय हाक मारावी हे मला सुचत नव्हतं, ती अडचण परस्पर मिटली.

त्यांचं म्हणणं तसं साधंच होतं. प्रश्न म्हणजे बाजारातून आणलेलं धान्य. त्यात नुसतं धान्य कधीच येत नाही. आपली भीती येते, दुसऱ्याकडून ऐकलेलं काहीबाही येतं, आणि वजन भरावं म्हणून कोणीतरी मुद्दाम घातलेला खडा येतो. ते काढल्याशिवाय चढवायचं नाही. निवडलं की भिजत घालायचं, म्हणजे लगेच उत्तर द्यायचं नाही. मग मंद आचेवर शिजवायचं, सारखं झाकण उघडून बघायचं नाही. आणि वाढण्याआधी दुसऱ्या कोणालातरी चाखायला द्यायचं, कारण आपल्या हातचं आपल्याला गोडच लागतं. हे सगळं सांगणाऱ्या माणसाला शेगडीचं बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते माहीत नव्हतं. एकदा मी आजारी पडले तेव्हा यांनी चहा केला होता. तो कप मी खिडकीतल्या कुंडीत ओतला आणि नंतर त्या झाडाची माफी मागितली.

पण एक शब्द मात्र कॉलेजातून आमच्या घरात आला आणि घरचाच होऊन बसला. निवड. मी चिडून विचारायचे, "तुम्हाला या घराचं काही पडलंय की नाही?" हे पुस्तकातून मान वर करून म्हणायचे, "निवड." म्हणजे प्रश्नात खडा आहे, तो काढ आणि मग विचार. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. भांडी आपटत मी आत जायचे. पण मेलं डोक्यात ते चालूच राहायचं, आणि भांडी घासून होईपर्यंत लक्षात यायचं की घराचा प्रश्न नव्हताच. मी बाहेर येऊन म्हणायचे, "मी दमलेय, ते तुम्हाला दिसतं का?" मग हे पुस्तक मिटायचे, म्हणायचे, "नव्हतं दिसलं," आणि उठून केर काढायला लागायचे. केर कसला, इकडचा तिकडे. पण उठायचे.

निवृत्त झाल्यावर हे खरोखरच स्वयंपाकघरात आले. मीच म्हटलं, इतकी वर्षं नुसतं बोललात, आता दोन हात लावा. चिरणं यांना जमेना, फोडणी तर मी देऊच दिली नाही, कारण मला घर जाळायचं नव्हतं. राहिलं निवडणं. ते यांचं काम झालं. सकाळी खिडकीशी खुर्ची, मांडीवर ताट, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि नाक जवळजवळ तांदळात. इतका वेळ लावायचे की मी म्हणायचे, "राहू दे आता, नाहीतर त्याला ताटातच कोंब फुटतील." पण खरं सांगायचं तर त्या वर्षांत आमच्या घरात कोणाच्या दाताखाली एक खडा आला नाही. ती वर्षं मला फार आवडली.

मग एका सकाळी ते ताट यांच्या मांडीवरून घसरलं. मी आतून ओरडले, सांडलंत ना शेवटी. उत्तर आलं नाही म्हणून बाहेर आले, तर तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू गेलेली होती, आणि शब्द एकमेकांच्या जागी जाऊन बसले होते. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे. दिवा मालव म्हणायचं असलं की "मंगळवार". चुकलं हे त्यांचं त्यांना कळायचं, आणि ते कळतंय हे बघणं मला जास्त जड जायचं. ज्या माणसानं जन्मभर एकेक शब्द पारखून वापरला, त्याच्या डब्यांची झाकणंच कोणीतरी बदलून ठेवली होती.

त्याहून वाईट म्हणजे गिळणं. घसा झोपल्यासारखा झाला होता. घास अन्ननलिकेत जायच्या ऐवजी श्वासनलिकेत उतरायचा. गिळायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या, कमी बोलणाऱ्या, हात गरम असलेल्या. त्यांनी मला सगळं दाखवलं. पाठ सरळ ठेवायची, हनुवटी छातीकडे, चमचा खालून आणायचा. घास गिळून झाला की बोलायला लावायचं, आणि आवाज ओला, म्हणजे घशात काही साचल्यासारखा आला तर थांबायचं. आवाज ओला असतो ही गोष्ट मला या वयात कळली. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट करून द्यायचं. बाकी सगळं शिजवून, वाटून, गाळणीतून काढून. चमचा तिरका केला की गोळा एकसंध घसरला पाहिजे. ओघळ आला तर पातळ, चिकटून बसला तर घट्ट.

मी त्यात जीव ओतला. दुसरा शब्द नाही. गाजर, भोपळा, बटाटा, डाळ, भात, सगळं वेगवेगळं शिजवायचे, वेगवेगळं गाळायचे, म्हणजे रंग वेगळे राहतात आणि माणसाला कळतं की आपण काय खातोय. एक जेवण करायला सकाळ जायची आणि भरवायला दुपार. चमचा धरून मी बसायचे. हे तोंड उघडायचे. मी घालायचे, थांबायचे, "बोला" म्हणायचे, हे "मंगळवार" म्हणायचे, आवाज कोरडा असला की पुढचा चमचा. माझी सगळी आशा त्या उघडणाऱ्या तोंडाला लटकलेली होती.

तरी एकदा काहीतरी उतरलंच छातीत. ताप चढला, पुन्हा दवाखाना, पुन्हा ऑक्सिजन. त्यातून वाचले. पण डॉक्टरांनी मला आणि लेकीला समोर बसवून सांगितलं, "तोंडानं देत राहिलात तर हे परत होणार. पुढच्या वेळी निभावेल असं मला सांगता येणार नाही. पोटात थेट नळी बसवली तर अन्न परस्पर आत जाईल. मात्र मग तोंडानं काही नाही."

आमची लेक पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे. कुठल्या खांबावर किती भार येणार याची गणितं करते. सुट्टी काढून आली होती. ती लगेच म्हणाली, "मग बसवू या ना. यात विचार काय करायचा?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबांची जीभ जिवंत आहे. तिला उपाशी ठेवून पोट भरायचं म्हणजे काय जगणं आहे का ते?"

"आणि तुझ्या चमच्यानं ते गेले तर?"

असं बोलली. पोटची पोर, तोंडावर बोलली. मी घरी येईपर्यंत तिच्याशी बोलले नाही, आणि घरी आल्यावर दोघी एकाच ओट्यापाशी उभ्या राहून एकमेकींकडे न बघता भाज्या चिरत होतो. तिचं चुकत नव्हतं हेच मला सहन होत नव्हतं.

डॉक्टर माणूस भला. यांना घरी आणल्यावर ते स्वतः आमच्याकडे आले. म्हणाले, "मास्तर शुद्धीत आहेत. त्यांना सगळं कळतंय. त्यांच्या होकाराशिवाय मी नळी बसवणार नाही. नुसती मान हलवली तरी चालेल." मग यांच्याजवळ वाकून त्यांनी नीट, सावकाश विचारलं, "नळी बसवू या का?" यांनी मान हलवली, हो. लेकीनं सुस्कारा सोडला. डॉक्टर अनुभवी, त्यांनी खडा टाकून पाहिला, "की तोंडानंच खायचंय?" यांनी मान हलवली, हो. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "पुन्हा विचारा. वेगवेगळ्या वेळी विचारा. पण फार दिवस घालवू नका."

मग आमचं दोघींचं सुरू झालं. लेक सकाळी विचारायची, "बाबा, नळी बसवू या ना? तुम्हाला आमच्याबरोबर राहायचंय ना?" मी दुपारी विचारायचे, "अहो, भोपळा आवडला ना? तोंडानं खायचंय ना?" हे कधी मान हलवायचे, कधी डोळे मिटून घ्यायचे. एका सकाळी लेकीनं विचारलं आणि हे डोळे उघडून तिच्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, "निवड."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा एक शब्द धड आला होता. लेक धावत आत आली. "आई, बाबांनी सांगितलं. म्हणाले, तू निवड. माझ्यावर सोपवलंय त्यांनी."

"तू निवड म्हणाले?"

"निवड म्हणाले. एकच अर्थ होतो त्याचा."

"एकच कसा होईल? निवडायचं काम कोणाचं होतं या घरात? रोजचं ताट मागतायत ते. त्यांना स्वयंपाकात हात लावायचाय. ज्याला ताट हवंय त्याला जेवायचं असतं, एवढं कळत नाही तुला?"

"आई, तू तुला हवं तेच ऐकतेस."

"आणि तू?"

तिनं फोन लावलाच, आणि डॉक्टरांनी भेटायला बोलावलं म्हणून दवाखान्यात गेली. जाताना दारात म्हणाली, "मला त्यांना घालवायचं नाहीये, आई." दार मात्र आपटलं नाही. हळूच ओढून घेतलं, आणि ते मला आपटण्यापेक्षा जास्त लागलं.

मला तर सिद्धच करायचं होतं. मी डब्यातून तांदूळ काढले, ताटात पसरले, यांना उशीला टेकवून बसवलं आणि ताट मांडीवर ठेवलं. डावा हात उचलून ताटात ठेवला. "घ्या," म्हटलं. "निवडा. कोणी काही म्हणू दे, तुमचं काम तुम्ही करा."

यांनी तांदळाकडे पाहिलं. बोटं जरा फिरवली, जुन्या ओळखीच्या माणसाच्या पाठीवरून फिरवावीत तशी. मग हात काढून घेतला आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"का हो? नको?"

यांनी ताट आणखी जरा पुढे ढकललं.

"मग काय हवंय तुम्हाला? किती दिवस झाले मी विचारतेय. नळी हवीय का माझ्या हातचं हवंय, एवढं एक सांगा ना मला. मी मरायला टेकलेय इथे विचारून विचारून."

यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "निवड."

आणि तो सूर. शब्द कुठलाही कुठे गेला असेल, पण सूर यांचा यांच्यापाशी होता. पुस्तकातून मान वर करून म्हणायचे तोच, शेवट तोडलेला, न रागावलेला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला आणि त्या तिळपापडानंच मला कळलं. हे ताट मागत नव्हते. लेकीवर काही सोपवतही नव्हते. हे आम्हाला दोघींना सांगत होते की तुमचा प्रश्न निवडलेला नाही.

मी ताट खाली ठेवलं. मला रडायला येत होतं आणि हसायलाही. म्हटलं, "या अवस्थेतसुद्धा तुम्ही मास्तरकी सोडत नाही, नाही का?"

यांनी डोळे मिचकावल्यासारखं केलं. एकाच बाजूचा हलला.

"बरं. निवडते. पण वेळ लागेल, माझा हात तुमच्याइतका सावकाश नाही."

मी खुर्ची ओढून बसले. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. मी मोठ्यानं बोलायला लागले, कारण मनातल्या मनात मला जमत नाही. म्हटलं, आता तुमच्या लेकीचं बघा. ती विचारते, आमच्याबरोबर राहायचंय ना. त्यात तुम्ही कुठे आहात? त्यात ती आहे. ती सुट्टी संपून गेल्यावर फोन वाजेल आणि ती इथे नसेल, ही तिची भीती आहे. ते काढून टाकते. डॉक्टर नळी म्हणतात, कारण छातीत ताप होऊ नये हे त्यांचं काम आहे. काम चांगलं आहे, पण ते त्यांचं आहे. हं. नळी काढली तर उरला माझा चमचा. तो तर धान्यच आहे, त्यात काय काढायचं?

इथे मी अडले. यांनी घाई केली नाही. जन्मात कधी केली नाही.

मग मला दिसलं, आणि दिसल्यावर बोलवेना. सकाळी उठून मी गाजर चढवते. गाळते. चमचा तिरका करून बघते. त्यात माझी सकाळ जाते आणि भरवण्यात दुपार जाते. ते नसेल तर मी उठू कशाला? या घरात मी कोण? मी विचारत होते की तुम्हाला काय खायचंय, आणि खरं विचारत होते की मला काय काम राहील. सगळ्यांत मोठा खडा माझा होता, आणि मी तो दाण्यासारखा जपून ठेवला होता.

"हा पण काढते," मी म्हटलं. आवाज ओला झाला होता, माझा. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, थांबा.

आता ताटात काय उरलं ते बघितलं. उरलं होतं अगदी थोडं. इतकं साधं की इतक्या दिवसांत आम्हा कोणालाच ते विचारायचं सुचलं नव्हतं.

"अहो," मी म्हटलं, "तुम्हाला भूक लागते का?"

यांनी श्वास घेतला. तोंडाची चांगली बाजू हलली, थांबली, परत हलली. मला वाटलं आता मंगळवार येणार.

"नाही," म्हणाले.

"कधीच नाही?"

"नाही."

"खावंसं वाटतं का?"

मान हलली, नाही. अगदी सावकाश, कोणाला लागू नये अशी.

मला राग आला. हो, आला. इतके दिवस गाळण्या घासतेय, बोटं पोळून घेतली आहेत, आणि हा माणूस म्हणतो नाही. म्हटलं, "मग तोंड का उघडत होतात? रोज, दर चमच्याला? मला सांगायचं तरी. मिटून घ्यायचं. का उघडत होतात?"

यांनी डावा हात उचलला. तो माझ्या उजव्या हातापर्यंत यायला वेळ लागला. मनगट धरलं, आणि चमचा धरल्यासारखं माझंच मनगट हवेत उचलून ठेवलं, यांच्या तोंडासमोर. तसंच धरून ठेवलं.

"दुखतो," म्हणाले. मग शब्द शोधला, एक चुकीचा आला तो टाकला, दुसरा टाकला. "तुझा. हात."

माझा हात हवेत दुखू नये म्हणून हा माणूस खात होता. गिळता येत नव्हतं तरी. दर घासाला जीव धोक्यात घालून, माझा हात लवकर खाली यावा म्हणून. मी तिथेच यांच्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि रडले. यांचा हात माझ्या मानेवर होता.

लेक परत आली ती नळी बसवायला दवाखान्यात बेडची व्यवस्था करूनच. मी तिला दारातच सांगितलं. तिनं चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"म्हणजे आपण बाबांना उपाशी मारायचं?"

"नाही गं. उपाशी ज्याला भूक असते तो. आपण त्यांना जेवायला लावायचं थांबवायचं."

"हे तू ठरवलंस?"

"मी काही ठरवलं नाही. तू जा आणि तूच विचार. माझ्या वतीनं नको, डॉक्टरांच्या वतीनं नको. भूक लागते का, एवढंच विचार."

ती गेली. मी दारात उभी राहिले, आत गेले नाही. तिनं खाली गुडघ्यावर बसून विचारलं. यांनी सांगितलं, नाही. तिनं परत विचारलं. परत नाही. मग ती एकदम म्हणाली, "पण बाबा, आमच्यासाठी थांबावंसं नाही का वाटत तुम्हाला?"

हे तिच्याकडे बघून इतक्या मायेनं म्हणाले की मलाच ऐकवेना, "निवड."

या वेळी तिला कळलं. लहानपणी तिनंही हा शब्द ढिगानं ऐकलाय, पूल बांधायच्या नादात विसरली होती. तिनं पलंगाच्या कडेवर कपाळ टेकवलं. मग म्हणाली, "मी घाबरलेय, बाबा. बाकी काही नाही. मी फार घाबरलेय."

यांनी मान हलवली, हो. आणि तिच्या केसांतून बोटं फिरवायला लागले.

डॉक्टर संध्याकाळी आले. त्यांनीही विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत, उलटसुलट करून, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. मग आम्हाला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की आता झोप वाढत जाईल, त्रास होणार नाही हे ते बघतील. ओठ ओले ठेवा, जीभ ओली ठेवा. त्यांनी मागितलं तर काहीही द्या. मागितलं नाही तर आग्रह करू नका. "हे सोपं नसतं," ते म्हणाले. "घरच्यांना ते सर्वांत अवघड जातं." लेकीनं त्यांना विचारलं, किती दिवस. ते म्हणाले, सांगता येत नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सवयीनं गाजर घेतलं, सोललं, आणि मग ते हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. लेकीनं येऊन ते माझ्या हातातून घेतलं आणि कच्चंच खाल्लं, उभ्या उभ्या, रडत. अर्धं मला दिलं. आम्ही दोघींनी ते संपवलं.

जेवणाची वेळ झाली. घड्याळ कोणी बघितलं नव्हतं, पण अंगाला कळतंच की. माझे पाय आपोआप त्या खोलीकडे निघाले. हातात वाटी नव्हती, खांद्यावर टॉवेल नव्हता. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी या माणसापाशी कधी रिकाम्या हातानं गेले असेन असं मला आठवेना. काही द्यायला जायचं, काही उचलायला जायचं, निदान भांडायला तरी जायचं. नुसतं कसं जातात हे मला येत नव्हतं. दारात मी जरा थांबले.

आत गेले तर हे डोळे मिटून पडले होते. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. यांनी डोळे उघडले नाहीत, पण तो आवाज ओळखला. हनुवटी छातीकडे घेतली, बाईंनी शिकवलं होतं तशी, आणि माझ्यासाठी तोंड उघडलं.

मी यांचा हात धरला. "मिटा, मास्तर," मी म्हटलं. "मी नुसतीच आलेय."